काका जामीन राहतात

वाचकहो, वर्षभर या सदरातून मी तुम्हांला आमच्या सोसायटीची सभा, हरवलेला चष्मा, भाजीवाल्याशी झालेला तह असल्या घरगुती गोष्टी सांगत आलो. दिवाळी अंकाची वेळ आली तेव्हा संपादक म्हणाले, "या खेपेस जरा लांबचे काही लिहा." माझ्या मते लांबचे म्हणजे डोंबिवली. पण यंदा आमच्या घरातच असे काही घडले की मला बसल्या जागी आफ्रिका खंड पाठ करावा लागला.

फेब्रुवारीतला रविवार. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. आमच्या कै. दादांची मुलगी बेबी ही वरच्या मजल्यावर तिच्या आईबरोबर राहते, पण रविवारचे पोहे आमच्याकडे. बेबीचे वय एकतीस. ती एका कारखान्यात एंजिनिअर आहे, तिच्या हाताखाली चाळीस माणसे आहेत, पण घरात ती अजून बेबीच. तिने बशीतले खोबरे बाजूला सारीत सांगितले,

"काका, मी जुलैमध्ये आफ्रिकेला जाणार आहे."

"छान! कंपनी पाठवते आहे का?"

"नाही, रजा घेऊन. मोम्बासापासून केपटाऊनपर्यंत, मोटारसायकलवरून."

"बरोबर कोण?"

"कोणी नाही. एकटीच."

सौभाग्यवतींच्या हातातला झारा कढईतच राहिला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांना हे आधी कळले असावे, कारण त्यांचे डोळे लाल होते. बेबी हात धुवायला उठली तशा त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, माझं ती ऐकायची नाही. तुम्हीच काय ते समजावून सांगा."

समजावून सांगणे हे माझे जुने काम. पण बेबी परत आली ती एक कागद घेऊन, आणि प्रकरण समजावण्यापलीकडे गेले.

परदेशात आपली गाडी न्यायची तर 'कार्ने' नावाचे एक पुस्तक लागते. गाडीचा तो पासपोर्टच समजा. आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून ते मिळते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना तिथला कस्टमचा अधिकारी एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही वेळचे शिक्के मारलेला तिसरा तुकडा आपल्यापाशी राहतो. हेतू एवढाच की, गाडी त्या देशात गुपचूप विकली गेली नाही याचा पुरावा राहावा. बाहेर पडल्याचा शिक्का नसला तर गाडी तिथेच राहिली असे धरून तो देश जकात मागतो. ती जकात बुडू नये म्हणून पुस्तक देण्यापूर्वी बँकेची हमी मागतात. हमीची रक्कम गाडीच्या किमतीच्या हिशेबाने ठरते. आमच्या बाबतीत ती गाडीच्या किमतीहूनही जास्त निघाली.

"माझे पैसे प्रवासाला लागतील," बेबी म्हणाली. "तुमची ती मुदत ठेव आहे ना काका, ती हमीपोटी बँकेत ठेवाल? पुस्तक सगळे शिक्के घेऊन परत आलं की सुटेल."

ती ठेव म्हणजे आमच्या उतारवयाची काठी. म्हणजे मला फक्त "जा" म्हणायचे नव्हते, जामीन राहायचे होते. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." मध्यमवर्गीय माणसाने 'नाही' म्हणण्याची ही रीत बेबीला चांगली ठाऊक आहे. ती हसली आणि जाताना टेबलावर चार पुस्तके ठेवून गेली. "विचार करताना वाचा," म्हणाली.

मी ती वाचली, पण विरोधासाठी मुद्दे गोळा करायला. वकील जसा प्रतिपक्षाचे कागद वाचतो तशी.

पहिले होते रॉबर्ट फुल्टन नावाच्या अमेरिकन तरुणाचे. १९३२ साली लंडनमध्ये एका मेजवानीत कोणीतरी त्याला विचारले, आता घरी कधी जाणार? हा गमतीने बोलून गेला की, मी मोटारसायकलवरून जगाला वळसा घालून जाणार आहे. पंगतीत डग्लस मोटारसायकल कंपनीचा माणूस बसला होता. तो म्हणाला, गाडी आम्ही देतो! बोललेला शब्द गिळता येईना म्हणून हा गृहस्थ निघाला, तो दीड वर्ष हिंडून १९३३च्या नाताळच्या आदल्या दिवशी घरी पोचला. जाताना त्याने इंजिनाखाली एक पिस्तूल दडवून ठेवले होते. ते वापरायची पाळी त्याच्यावर एकदाही आली नाही. मी मुद्दा टिपून ठेवला : 'पंगतीत जपून बोलावे.' पण पिस्तुलाची गोष्ट माझ्या बाजूची नव्हती.

दुसरे टेड सायमनचे. हा १९७३च्या ऑक्टोबरात ट्रायम्फ मोटारसायकलवरून लंडनहून निघाला, आफ्रिका उभी ओलांडून पुढे दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान असे करीत चार वर्षांनी परतला. ह्याला म्हणावे संपूर्ण उनाडकी! पण पुस्तक हातातून सुटेना. शिवाय कळले की, २००१ साली, वयाच्या सत्तरीला टेकलेला असताना, हाच गृहस्थ त्याच वाटेने पुन्हा निघाला. मी सदुसष्टचा आहे. मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तिसरे दोन इंग्रज बायकांचे. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेनकिरन. डिसेंबर १९३४मध्ये लंडनहून निघून, मोटारसायकलला साइडकार आणि मागे एक छोटी गाडी जोडून, सहारा वाळवंट ओलांडून त्या जुलै १९३५मध्ये केपटाऊनला पोचल्या. हे मी वहिनींना सांगितले. मला वाटले, त्या काळी बायका केपटाऊनला गेल्या हे ऐकून त्यांना जरा धीर येईल. पण वहिनींनी नेमके बोट ठेवले : "दोघी होत्या, भाऊजी. ही एकटी आहे."

म्हणून चौथे पुस्तक मी त्यांच्यासाठीच वाचले. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनमधली वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. १९८२ साली सेकंडहँड बी.एम.डब्ल्यू. मोटारसायकल घेऊन एकटीच निघाली. पैसे संपले तेव्हा सिडनीत एका आर्किटेक्टच्या कचेरीत काही महिने नोकरी केली. सिंगापूरला तिची सगळी कागदपत्रे चोरीला गेली, ती पुन्हा करवून घेतली. थायलंडमध्ये कुत्रा आडवा आला आणि ती जबर आपटली, तेव्हा भाषेचा एक शब्द न कळणाऱ्या एका गरीब कुटुंबाने तिला घरात ठेवून बरे केले. १९८४ साली ती परतली. पस्तीस हजार मैल झाले होते. आणि गंमत पाहा, घरी आल्यावर कोणाला त्याचे काही वाटले नाही! तिने गाडी गॅरेजात लावून टाकली आणि शिक्षण पुरे केले. पुस्तक लिहिले ते २०१७ साली.

फ्रान्सची आन-फ्रान्स दोतव्हील हिची हकीकत बेबीने तोंडी सांगितली. ती १९७३ साली एकटीच जगाला वळसा घालून आली, तीही सव्वाशे सीसीच्या कावासाकीवर. सव्वाशे सीसी म्हणजे आमचा दूधवाला ज्यावर येतो तेवढी गाडी.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "पण एकटीनंच का?"

हा प्रश्न मी बेबीला विचारला. ती जिन्याच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करीत होती. म्हणाली, "काका, दोघं असली की एकमेकांशी बोलत बसतात. एकट्या माणसाला जगाशी बोलावं लागतं. आणि जगही त्याच्याशी बोलतं." थायलंडमधले ते कुटुंब मला आठवले. दोघी असत्या तर एकीने दुसरीला उचलून इस्पितळात नेले असते आणि ते घर रस्त्याच्या कडेलाच राहून गेले असते.

तरी मी हार मानली नव्हती. शेवटचा बाण मी राखून ठेवला होता. मी म्हणालो, "दोनशे किलोची तुझी गाडी. निर्जन रस्त्यावर आडवी पडली तर उचलणार कोण?"

"या खाली," ती म्हणाली.

सोसायटीच्या आवारात, वॉचमन, इस्त्रीवाला आणि वहिनी यांच्या देखत तिने आपली हिमालयन जमिनीवर सावकाश आडवी केली. उजव्या अंगावर. मग आधी पहिला गिअर टाकला, म्हणजे चाक फिरणार नाही. बाजूचे स्टँड उघडून ठेवले, म्हणजे उभी होताना ती पलीकडे कोसळणार नाही. मग गाडीकडे चक्क पाठ केली, बैठकीला कंबर टेकली, एका हाताने हँडलचे टोक आणि दुसऱ्या हाताने मागचा कॅरिअर धरला, गुडघे वाकवले आणि पाठ ताठ ठेवून लहान लहान पावले मागे टाकीत गेली. गाडी उभी राहिली! जोर पायांचा होता, दंडाचा नव्हता. इस्त्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मलाही हुरूप आला. मी करून पाहिले, आणि पुढचे चार दिवस सौभाग्यवती माझ्या कमरेला तेल चोळीत होत्या.

वहिनी मात्र गंभीर होत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा कर." बेबीने पुन्हा केले. "डाव्या बाजूनं?" तेही केले. तेव्हा त्या पदराने हात पुसत वर निघून गेल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाचकहो, आता जे सांगतो ते या सदरात आजवर लिहिले नाही; घरीही कोणाला सांगितले नव्हते.

१९७८ साली आमच्या दादाकडे एक जुनी जावा होती. तो बावीस वर्षांचा, मी वीसचा. त्याच्या मनाने घेतले होते की मुंबईहून लंडनला जायचे. लाहोर, खैबर खिंड, काबूल, कंदाहार, हेरात, मशहद, तेहरान, इस्तंबूल. नकाशावर त्याने तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली होती. त्या काळी युरोपातली पोरे त्या वाटेने बसमधून सर्रास येत असत. परवाने, परकीय चलन यांच्या खटपटीत त्याने अर्धे वर्ष घालवले. शेवटी एक दिवस मला विचारले, "सहा महिने घर सांभाळशील? बाबांचं दुखणं, आईचं औषधपाणी?" माझे बी.कॉम.चे शेवटचे वर्ष होते. मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे रे. पुढच्या वर्षी जा. रस्ता काय पळून जातो?"

रस्ता पळून गेला. १९७९च्या आरंभी इराणात क्रांती झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रशियाची फौज अफगाणिस्तानात शिरली. काबूल-कंदाहारकडून जाणारी ती वाट मिटली ती मिटलीच. दादाने नकाशाची घडी घातली, नोकरी धरली, पुढे जावाही विकली. मला तो एका शब्दानेही कधी बोलला नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही नाही.

सकाळी मी वर गेलो आणि वहिनींना हे सारे सांगितले. मला वाटले होते, त्यांना नवे वाटेल. त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. लग्नानंतर वर्षभरात सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, 'तो पहिल्या वर्गात पास झाला, मग झालं.'" मग थोड्या वेळाने, कप माझ्यापुढे सारून : "सही करा, भाऊजी. मला भीती वाटायची ती वाटणारच. ती काय, पोरगी कोपऱ्यावर दूध आणायला गेली तरी वाटते."

मी सही केली.

त्यानंतरचे चार महिने घरात लग्नघाई होती. आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय लायसन आणले, त्याची मुदत एक वर्ष. पीतज्वराची लस टोचून घेतली. ती टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पूर्वी तो दहा वर्षे चाले, २०१६पासून जन्मभर चालतो. हा दाखला नसला तर तिकडून परत येताना आपल्याच देशात सहा दिवस वेगळे ठेवतात. सौभाग्यवतींनी मेतकूट, चटणी, भाजणी असे पाच किलोचे गाठोडे बांधले. बेबीने त्यातले अर्धा किलो घेतले आणि त्या जागी दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, क्लचची केबल भरली. "काकू, मेतकुटानं पंक्चर निघत नाही," म्हणाली. काकू दोन दिवस रुसल्या होत्या.

जूनमध्ये गाडीतले पेट्रोल काढून, बॅटरीच्या तारा सोडवून, पुढचे चाक उतरवून ती लाकडी खोक्यात बंद झाली आणि न्हावाशेवाहून बोटीने गेली. जुलैत बेबी विमानाने. तिने आईला तीन वचने दिली : अंधार पडल्यावर गाडी चालवणार नाही, दिवसाला तीनशे किलोमीटरपलीकडे जाणार नाही, आणि रोज रात्री फोनवर एक ओळ तरी पाठवील. रस्त्याची डावी बाजू मात्र सोडावी लागली नाही. केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तिच्या वाटेवरच्या सगळ्या देशांत वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

तिच्या ओळी येऊ लागल्या. मोम्बासाहून दक्षिणेला उतरून ती टांझानियात शिरली. तिकडच्या स्वाहिली भाषेत मोटारसायकलला 'पिकीपिकी' म्हणतात हे कळल्यापासून सौभाग्यवती दुसरा शब्दच वापरीत नाहीत. चहाला 'चाय', पोळीला 'चपाती' आणि मोटारीला 'गारी'. आपली माणसे शंभर वर्षांपूर्वी जाताना शब्दही बरोबर घेऊन गेली. नाक्यानाक्यावर भाड्याच्या मोटारसायकली उभ्या, त्यांना 'बोडाबोडा' म्हणतात. त्यांत आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर जागोजाग. मोरोगोरोच्या पुढे मागचे चाक पंक्चर झाले तेव्हा एक बोडाबोडावाला आपण होऊन थांबला. बेबीने चाक काढले, त्याने टायर दाबून धरला, पाऊण तासात काम झाले. पैसे घेईना. शेवटी त्याने चिमूटभर मेतकूट चाखले. हे वाचून काकूंचा रुसवा कायमचा गेला.

पुढे मिकुमीचे अभयारण्य. हमरस्ताच त्यातून जातो. जिराफ रस्ता ओलांडीत असला की ट्रकसुद्धा थांबतात. कोणते जनावर मारले तर किती दंड, याची पाटीच लावलेली आहे. मग मलावी. तिथले सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे पाचशे ऐंशी किलोमीटर लांब, म्हणजे मुंबई ते गोवा एकच तळे! त्याच्या काठाकाठाने ती उतरत होती.

आणि तिथेच दोन रात्री ओळ आली नाही.

पहिल्या रात्री मी म्हणालो, रेंज नसेल. दुसऱ्या रात्री कोणी काही म्हणाले नाही. वहिनी खाली आमच्याकडे झोपायला आल्या. मी माझ्या ठेवीचा विचार केला का? केला. खोटे कशाला सांगू? पहाटे तीनला केला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की उठून देवापुढचा दिवा सारखा केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आवाज खणखणीत. एक सीमा ओलांडून चाळीस किलोमीटर पुढे गेल्यावर पेट्रोल भरताना तिने कार्ने उघडून पाहिले, तर बाहेर पडल्याचा शिक्काच नाही. जेवणाच्या सुटीच्या गडबडीत कोणीतरी फक्त पासपोर्टावर मारला होता. ती परत फिरली. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. शेजारच्या चहाच्या टपरीवालीने तिला आपल्या घरी नेले. तिथे वीज नव्हती, फोन मेला होता, आणि रात्री त्या बाईच्या तीन मुलींनी तिच्याकडून हेल्मेट घालून घेऊन आरशात पाहिले. दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या ठेवीसाठी ऐंशी किलोमीटर जास्त चालवली बरं का!"

मी काय बोलणार? म्हणालो, "बरं केलंस. जेवलीस का?"

हे लिहितो आहे तेव्हा गणपती नुकतेच गेले आहेत. काल ती झांबियात लिव्हिंग्स्टनला पोचली. तिथला व्हिक्टोरिया धबधबा सुमारे सतराशे मीटर रुंद, एकशे आठ मीटर खोल. त्याचे मूळचे नाव 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गरजणारा धूर. पुढे काझुंगुला येथे झांबेझी नदी ओलांडायची. २०२१च्या मे महिन्यात तिथे नऊशे तेवीस मीटरचा पूल झाला, त्याआधी ट्रक तराफ्यावरून जात आणि दिवसचे दिवस रांगेत उभे राहत. पलीकडे बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. या देशांची जकात एकत्र आहे. त्यामुळे आत शिरल्याचा एक शिक्का घेतला की थेट बाहेर पडतानाच दुसरा. म्हणजे आता थोडेच शिक्के उरले. मी कॅलेंडरावर मोजून ठेवले आहेत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती केपटाऊनला असेल, निदान तसा हिशेब आहे. म्हणजे या दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ती घरात नसणार. वहिनींनी तिच्या वाटणीचे उटणे डबीत काढून ठेवले आहे. करंज्याही दहा वेगळ्या ठेवणार आहेत.

परवा वरच्या घरी मी त्यांना म्हटले, "वहिनी, दादाचा तो नकाशा कुठे आहे हो? जरा पाहावासा वाटतो."

त्या म्हणाल्या, "तो इथे नाही. निघताना तिच्या जाकिटाच्या आतल्या खिशात मी घातला."

"अहो, पण तो काबूल-तेहरानचा नकाशा! आफ्रिकेत त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नाही," वहिनी म्हणाल्या. "पण इतकी वर्षं कपाटात होता. म्हटलं, त्यालाही जरा बाहेरचं वारं लागू दे."